फोन येतो, कॉम्प्युटर येत नाही: गावाकडची संगणक साक्षरता नेमकी कुठे अडते?

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानांसमोर गर्दी होते. पूर्वी ती मार्कशीटच्या झेरॉक्ससाठी असायची, आता ऑनलाइन फॉर्मसाठी असते. नाशिक शहरात अकरावीचे प्रवेश बरीच वर्षं ऑनलाइन होतेच. मुंबई महानगर, पुणे, नागपूर आणि अमरावतीतही होते. २०२५-२६ पासून मात्र सुरगाणा असो की पेठ, येवला असो की नांदगाव, सगळ्या राज्यात एकच ऑनलाइन प्रक्रिया लागू झाली. वीस लाखांहून जास्त जागा एका संकेतस्थळावर आल्या. पहिल्याच दिवशी ते अडखळलं आणि वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं, ती बातमी तुम्ही वाचली असेलच.

त्या दिवसांत मी दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या गावी होतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हटल्यावर शेजारची पाच-सहा पोरं फॉर्म भरायला घरी आली. प्रत्येकाकडे स्मार्टफोन होता आणि रील एडिट करण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज होती. पण "मार्कशीटची पीडीएफ कुठे सेव्ह केलीस?" असं विचारलं की सगळे एकच उत्तर द्यायचे, "व्हॉट्सॲपमध्ये आहे ना दादा." ईमेलचा पासवर्ड विचारला तर एक जण म्हणाला, "तो सायबरवाल्या काकांकडे आहे."

या लेखाचा विषय तोच आहे. संगणक साक्षरता म्हणजे काय, आपल्याकडे ती कशी आली, आणि हातात फोन असूनही ती का अडते, हे बघूया.

संगणक साक्षरता म्हणजे काय?

साक्षरता म्हटलं की लिहिता-वाचता येणं आपल्याला कळतं. संगणकाच्या बाबतीत लोक तिचा अर्थ आपापल्या सोयीने लावतात. कोणासाठी ती टायपिंग असते, कोणासाठी सर्टिफिकेट, तर कोणासाठी "नेट चालवता येतं" एवढंच. माझी व्याख्या साधी आहे. माहिती कुठे ठेवली आहे हे माहीत असणं, ती हवी तशी बदलता येणं, हव्या त्या माणसाला हव्या त्या रूपात पाठवता येणं आणि आपल्या खात्याची चावी आपल्याच हातात असणं. हे सगळं फोनवर येत असेल तर फोनवरही चालेल. कॉम्प्युटर म्हणजे सीपीयूचा डबा, असं काही नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशातल्या ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांमध्ये कॉम्प्युटर होता, शहरी भागात २३.४ टक्के घरांमध्ये. पाच वर्षांवरच्या लोकांपैकी कॉम्प्युटर चालवता येणारे ग्रामीण भागात ९.९ टक्के होते आणि शहरात ३२.४ टक्के. म्हणजे घरी यंत्र नसलेल्याही काही लोकांनी ते कुठेतरी शिकून घेतलं होतं. ते कुठे शिकले, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

कुलूपबंद खोली

भारतातल्या शाळांमध्ये कॉम्प्युटर नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ चा. 'क्लास' नावाच्या त्या प्रकल्पात सुरुवातीला सुमारे २५० शाळा होत्या आणि ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक त्यांना दिले गेले. त्याच्या 'मॉडेल बी'ची मेमरी होती ३२ केबी. आज तुम्ही परीक्षेच्या फॉर्मला जो पासपोर्ट फोटो जोडता, तो एकटाच कधी कधी त्याहून मोठा असतो!

बाहेरचं वातावरण तेव्हा वेगळं होतं. बँकांमधल्या कर्मचारी संघटना संगणकीकरणाला विरोध करत होत्या. "कॉम्प्युटर आला की माणूस घरी बसणार" ही भीती खरी होती आणि ती गावापर्यंत पोचली होती. पुढे नव्वदीच्या दशकात ती उलटली. आता "कॉम्प्युटर आला नाही तर पोरगं घरी बसणार" असं आई-वडील म्हणायला लागले. भीती तीच होती, फक्त तिने तोंड फिरवलं होतं.

शाळेतली कॉम्प्युटरची खोली याच भीतीतून घडली. माझ्या शाळेत ती होती. दाराला दोन कुलपं, खिडकीला जाळी, मशीनवर प्लास्टिकची कव्हरं. चपला बाहेर काढून आत जायचं आणि सर सांगतील तेवढंच बटण दाबायचं. एका मशीनसमोर आम्ही सहा जण, त्यात माउस नेहमी त्याच एका मुलाच्या हातात. मुली मागे उभ्या राहायच्या. वीज गेली की तास संपला. सरांचा काही दोष नव्हता. बिघाड झाला तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं, आणि दुरुस्तीला माणूस नाशिकहून यायचा, तोही आला तर. अशा ठिकाणी पोरं एकच गोष्ट पक्की शिकतात: या यंत्राला हात लावला तर बिघडतं.

याच्या अगदी उलटा प्रयोग १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजीत झाला. एनआयआयटीचे सुगत मित्रा यांनी ऑफिसच्या भिंतीला भोक पाडून त्यात कॉम्प्युटर बसवला आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना तो मोकळा सोडून दिला. मुलं आपली आपणच शिकली. नंतर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे 'भिंतीतले कॉम्प्युटर' बसवले गेले. २०१३ मध्ये मित्रांना टेड पारितोषिक मिळालं, आणि त्यातून ज्या थोड्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यातली एक साताऱ्यातल्या फलटणला होती.

ऐकायला हे भारी वाटतं, पण दुसरी बाजूही आहे. संशोधक पायल अरोरा यांनी उत्तराखंडात अल्मोड्याकडच्या अशा ठिकाणांना नंतर भेट दिली, तेव्हा तिथे प्रयोगाची फारशी खूण उरलेली नव्हती. माझं मत विचाराल तर कुलूपही चालत नाही आणि बेवारस भिंतही चालत नाही. जवळ एक जाणता माणूस लागतो, जो "दाब, काही होत नाही" असं म्हणेल आणि बिघडलं तर नीटही करेल.

असे शिक्षक आपल्याकडे आहेत. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी मुलांच्या हातात टॅबलेट दिले आणि 'डिजिटल शाळा' हा शब्द राज्यभर गेला. सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांतच ते छापले जाऊ लागले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली.

देशपातळीवर 'यूडायस प्लस'च्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार ६४.७ टक्के शाळांत कॉम्प्युटरची सोय आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. पण मशीन शाळेत असणं आणि मुलाच्या बोटाखाली असणं यातलं अंतर या आकड्यांत दिसत नाही.

"एमएससीआयटी झालंय ना?"

महाराष्ट्रातल्या गावांत संगणक साक्षरतेचं दुसरं नाव एमएससीआयटी आहे. २००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि २००२ पासून हा अभ्यासक्रम सुरू झाला. प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं. तालुक्यात, बाजाराच्या गावांत, बसस्टँडजवळच्या एखाद्या गाळ्यात केंद्रं निघाली. आजवर एक कोटीहून जास्त लोकांनी हा कोर्स केला आहे. खरं सांगायचं तर राज्यातल्या अनेक मुलींनी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो याच केंद्रांत. "क्लासला जाते" म्हटलं की घरचे पाठवायचे, सायबर कॅफेत पाठवलं नसतं.

पण या कोर्सला सरकारी नोकरीचं शेपूट होतं. राज्य सरकारच्या भरतीत एमएससीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं. आधीपासून नोकरीत असलेल्यांना, त्यात जिल्हा परिषदेचे शिक्षकही आले, ते मिळवायला ३१ डिसेंबर २००७ पर्यंत मुदत होती. ज्यांनी मुदतीत केलं नाही त्यांच्या वेतनवाढीचा आणि वसुलीचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. त्यामुळे शिक्षकांच्या एका पिढीसाठी कॉम्प्युटर म्हणजे पगाराला लागलेली अट झाली. अशा माणसाने वर्गात जाऊन कॉम्प्युटरची गोडी लावावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पोरांच्या मनातही तेच बसलं. दहावीच्या सुट्टीत कोर्स करायचा, सर्टिफिकेट फायलीत लावायचं, संपलं. मी स्वतः २०१३ मध्ये तेच केलं. मार्क चांगले पडले. दोन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलला टर्बो सीमध्ये प्रोग्रॅम लिहिला, सेव्ह केला, मशीन बंद केलं, आणि पुढच्या आठवड्यात फाइल सापडेना. ती 'बिन' नावाच्या फोल्डरमध्ये होती, कारण टर्बो सी तिथेच सेव्ह करतं. फोल्डरचा मार्ग म्हणजे काय, हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं, पण फाइल शोधता आली नाही. शेजारच्या मुलाने शोधून दिली आणि वर्षभर मला 'बिन' म्हणून हाक मारली.

२०१७ मध्ये केंद्राने ग्रामीण भागासाठी 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' आणलं: घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, वीस तासांचं मोफत प्रशिक्षण. ३१ मार्च २०२४ पर्यंत त्यात ६.३९ कोटी लोकांना प्रशिक्षण दिल्याचा सरकारी आकडा आहे. वीस तासांत ओळख होते. सवय लागायला घरी यंत्र लागतं.

मग फोन आला

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल सांगतो की १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेले ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरलेले ७६ टक्के. आणि ज्यांना वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. माउस कोणाच्या हातात, हा जुना प्रश्न इथेही आलाच.

"फोन वाईट, कॉम्प्युटर चांगला" असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कोल्हापूरच्या वारणानगरचं उदाहरण बघा. १९९८ मध्ये तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सुमारे सत्तर गावांत कॉम्प्युटर बसवून ऊस उत्पादकांना कारखान्याशी जोडायची कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी पाहिलं, तर मशीनवर मुख्यतः ऊसतोड, वजन, खताचा हिशेब अशा ठरलेल्या नोंदीच चालल्या होत्या. त्यांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणलं आणि ते चाललं. काम जर फोनवर होत असेल तर फोनच बरा. आज ई-पीक पाहणी फोनवरूनच होते, आणि बांधावर उभं राहून बापाच्या शेताचा फोटो काढणारा बहुतेक वेळा घरातला कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगीच असते.

अडचण वेगळी आहे. फोन बनवणाऱ्यांनी मुद्दाम फाइल लपवली. गॅलरी उघडली की फोटो दिसतात, व्हॉट्सॲप उघडलं की पीडीएफ दिसते. ती फाइल खरोखर कुठे बसली आहे, हे विचारायची वेळच येत नाही. वेळ येते ती फॉर्म भरताना, आणि तेव्हा पोरं अडतात चार ठिकाणी.

फाइल. फोनमधलं 'फाइल्स' किंवा 'फाइल मॅनेजर' ॲप एकदा उघडून बघा. 'डाउनलोड', 'डीसीआयएम' (कॅमेऱ्याचे फोटो इथे असतात), 'डॉक्युमेंट्स' अशी फोल्डर दिसतील. स्वतःच्या नावाचं एक फोल्डर करा आणि मार्कशीट, दाखला, फोटो, सही त्यात नीट नावं देऊन ठेवा. 'आयएमजी २०२५०५...' असं नाव ठेवलं तर जूनमध्ये तुम्हालाच सापडणार नाही.

केबी. "फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा" हे वाक्य पाहून अर्धे लोक दुकान गाठतात. गणित सोपं आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट, म्हणजे कच्चा फोटो ३६ एमबीचा. जेपीजी पद्धत तो दाबून तीन-चार एमबीवर आणते. फॉर्मला लागणारा फोटो समजा ३०० बाय ४०० ठिपक्यांचा आहे, म्हणजे १ लाख २० हजार ठिपके. ठिपके शंभरपट कमी झाले की फाइलही साधारण तेवढीच लहान होते, तीस-चाळीस केबी. तेव्हा क्वालिटी कमी करत बसू नका, आधी लांबी-रुंदी कमी करा. फोटो फाटणार नाही. मार्कशीटचं उलटं आहे: ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ॲप ती आपोआप बारीक करतं आणि आकडे पुसट होतात. तिथे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची.

मराठी. ग्रामपंचायतीतून किंवा शाळेतून आलेली वर्डची फाइल फोनवर उघडली आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, असं झालंय ना? ती फाइल बिघडलेली नसते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. आत 'जे', 'के', 'ई' असतं आणि फॉन्ट त्यावर 'राम' असं चित्र काढतो. तुमच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून चित्र गायब. युनिकोडमध्ये असं नसतं. तिथे 'क' या अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, २३२५, आणि कोणताही फोन त्याचा 'क'च वाचतो. कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी लिहायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. इंग्रजी 'के'च्या जागी 'क', शिफ्ट धरून तीच कळ दाबली की 'ख'. आठ-दहा दिवस रोज अर्धा तास दिला तर बोटं वळतात. रोमन अक्षरांत 'मी येतोय' लिहून पाठवणाऱ्या माझ्या मित्रांना हे पटत नाही, पण अर्ज रोमनमध्ये चालत नाही.

पासवर्ड. ही चौथी जागा सगळ्यात महागात पडते. दुकानदार घाईत असतो, तो स्वतःच्या ईमेलने किंवा एखाद्या ठरावीक पासवर्डने तुमचं खातं उघडतो. तो काही वाईट माणूस असतो असं नाही, रांगेत चाळीस पोरं असतात. पण नंतर कॉलेज बदलायचं झालं, अलॉटमेंट बघायची झाली किंवा ओटीपी आला, की तुम्ही त्याच्या शटर उघडण्याची वाट बघता. माझ्याकडे आलेल्या पोरांपैकी एकीचा फॉर्म दुकानात आधीच भरून झाला होता. पसंतीक्रमात पहिलं नाव एका लांबच्या कॉलेजचं होतं, जिथे जायला तिच्या गावाहून एसटीच नव्हती. "त्यांनीच टाकलं," ती म्हणाली. २०२५ च्या नियमानुसार एक ते दहा पसंती देता येत होत्या, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर व्हावं लागायचं. पासवर्ड त्या दुकानात. दुकान दुपारी बंद. तिचे वडील मोटारसायकलवर जाऊन दुकानदाराला घरून घेऊन आले, तेव्हा कुठे मुदतीच्या आत क्रम बदलला.

कॉम्प्युटर नसेल तर सराव कसा करायचा?

गावातल्या पोरांना मी एक जुगाड सांगतो. ओटीजी नावाची एक छोटी पिन मिळते, शंभर-दीडशेच्या आत. तिने साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस बहुतेक अँड्रॉइड फोनला लागतो. स्क्रीनवर चक्क बाण येतो. टायपिंग, फाइल हलवणं, कॉपी-पेस्ट, सगळं शिकता येतं.

आणि स्प्रेडशीट शिका. निफाड, येवला, चांदवडकडच्या घरांत कांदा असतोच. लासलगावला ट्रॉली गेली की घरी येते ती फक्त एक पट्टी, आणि ती खिशातच राहते. गूगल शीट्समध्ये ओळ करा: तारीख, क्विंटल, भाव, गाडीभाडं, इतर कपात. पुढच्या चौकोनात बरोबरचं चिन्ह देऊन लिहा: क्विंटल गुणिले भाव, वजा भाडं, वजा कपात. एकदा सूत्र लिहिलं की खाली ओढायचं, सगळ्या ट्रॉल्यांचा हिशेब निघतो. मी हे एका अकरावीतल्या मुलाला दाखवलं. त्याने आदल्या दोन महिन्यांच्या पट्ट्या भरल्या आणि रात्री वडिलांना सांगितलं की जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजारात नेलेल्या तीन ट्रॉल्यांत भाव जास्त मिळूनही हातात कमी आले होते. वडील दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "मागच्या वर्षीच्या पण पट्ट्या आहेत माळ्यावर. त्या भरता येतील का?"